एका कड्याला दोन हात

पिशोरच्या मांडवात खुर्ची कलंडली आणि राजेंद्रच्या कॅमेऱ्याची नवी लेन्स फरशीवर आपटली. चित्र आपोआप स्वच्छ करणारी आतली मोटर जराशी घरघरली, मग गप्प झाली. राजेंद्र कंपनीतली पाळी संपवून बजाजनगरहून थेट इथं हळदीचे फोटो काढायला आलेला. वाईट वाटून घ्यायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

पिशवीच्या तळाशी सासऱ्यांची जुनी झूम होती. रिळाच्या कॅमेऱ्याच्या काळातली, तेव्हाही स्वस्तातलीच. करुणानं मधे जोडणारी कडी लावून ती नव्या कॅमेऱ्यावर बसवली.

"हिचं सगळं हातानं बरं का," ती नवऱ्याला म्हणाली. "एकच कडं हाये. ओढलं की माणूस जवळ येतो, फिरवलं की स्वच्छ होतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चेहऱ्याच्या कडा लाल झाल्या की थांबायचं."

"मला शिकवती व्हय?"

नवरीची मावशी साळूबाई हळदीची परात घेऊन आली. "अहो फोटुवाले, काढता का आता? का नवरी नांदायला गेल्यावर?"

बायका हसल्या. राजेंद्रनं भराभर फोटो काढले. करुणानं कॅमेरा हातात घेऊन ते पाहिले. मागच्या भिंतीचे पोपडे लख्ख, नवरी धुक्यात. दुसऱ्यात परात उजळलेली, चेहरे पुसलेले. तिसरा पाहायचं तिनं टाळलं.

पाण्याच्या टाकीआड नेऊन तिनं हळूच विचारलं, "लाल कडा दिसत नाहीत तुम्हाला?"

त्यानं चष्मा सदऱ्याला पुसला. चष्म्यावर काही नव्हतं.

"नवी लेन्स आपलं आपण बघायची," तो म्हणाला. "तिच्याच डोळ्यांवर चाललं होतं. लई दिवस झाले."

"अन् मला नाय सांगितलं."

"सांगून काय? कंपनीत मशीनवरनं उठवतील. मांडवातनं बी."

करुणाला राग यायला हवा होता. पण रागालाही थोडी झोप झालेली असावी लागते.

तेवढ्यात मांडवात जातं फिरू लागलं. समोरासमोर दोन बायका बसल्या, खुंटा एकच. घरघरीवर साळूबाईचा आवाज चढला:

एका खुंट्याला गं बाई, तुझा हात माझा हात
तुझा थकला, माझा हाये, हळद पडं परातीत

मांडवात परतून करुणा राजेंद्रला खेटून उभी राहिली. कड्यावरच्या त्याच्या बोटांवर तिनं आपली बोटं ठेवली.

"तुम्ही ओढा. मी फिरवते."

त्यानं ओढलं. दोन बायका, जातं, मधे खाली मान घातलेली नवरी, सगळं चौकटीत आलं. ते त्याला अजून जमत होतं.

"आली?"

"थांबा. हां, आली."

त्यानं बटण दाबलं.

साळूबाईनं गाणं मधेच तोडलं. "अगं बया! फोटुवाल्याला बायकोनं धरून ठेवलंय. पळून जातो का काय?"

"पळायला जीव कुठंय मावशी," करुणा म्हणाली. "दोघंबी उभ्या उभ्याच झोपलोत."

मांडव हसला. नवरीनंही मान वर केली. ते हसू सापडलं, अगदी दातांच्या फटीसकट.

मग बराच वेळ ती दोघं तशीच. ओढणं त्याचं, फिरवणं तिचं. मनगटं भरून आली.

"उद्या घाटी दवाखान्यात जाऊ. डोळे दाखवायचे," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

"अन् डॉक्टरनं काम बंद करा म्हटलं तं?"

नवरीच्या गालावर हळद चढत होती, मांडवातला उजेड उतरत होता. करुणानं कडं केसभर फिरवलं.

"आली," ती म्हणाली. "दाबा."