निळी मूठ, लाल मूठ

"चरबीची बाजू वर की खाली?" झल्मनने फोनवर विचारलं.

"वर, झल्मन, वर! तिसऱ्यांदा सांगतोय," पलीकडून लेमेल खाटीक ओरडला. "संध्याकाळी सण लागतोय, दुकानात मुंगी शिरायला जागा नाही, आणि तुझं आपलं वर की खाली!"

"आणि मीठ?"

"अंदाजानं. कांदे तळाला घाल, भरपूर. आणि सारखं झाकण उघडून बघत बसू नकोस. जितक्यांदा उघडशील तितकं लांबेल. ठेव आता."

झल्मन ग्रोसने फोन ठेवला आणि कढईत लालसर परतलेला गाईच्या छातीचा तो भलामोठा तुकडा स्लो कुकरमध्ये कांद्यांवर अलगद निजवला. चरबी वर. मग लसूण, गाजरं, टोमॅटो, थोडा व्हिनेगर आणि दोन तमालपत्रं. झाकण ठेवलं आणि खटका मंद आचेवर फिरवला. एवढं केलं आणि बिचारा घामाघूम झाला.

होणारच. क्लीव्हलंडमधल्या एका लाँड्रीत वाफेच्या यंत्रापुढे उभं राहून त्याने जन्मभर लोकांच्या पँटींना इस्त्री केली होती. घडी अशी घालायचा की नजर लागावी. पण स्वयंपाकघरात तो यायचा तो फक्त जेवायला. तिथं राज्य त्याच्या बायकोचं, ब्रायनाचं. ज्यूंच्या नव्या वर्षाच्या सणाला दर वेळी याच कुकरच्या पांढऱ्या मातीच्या भांड्यात ती ब्रिस्केट, म्हणजे हेच छातीचं मांस, शिजवायची, आणि ते इतकं मऊ व्हायचं की सुरी लावायची लाज वाटावी. हिवाळ्यात ब्रायना गेली. सण मात्र यायचा थांबला नाही.

"बाबा, तुम्ही काही करू नका, मी सगळं घेऊन येते," मुलगी हेन्या म्हणाली होती.

"माझ्या घरी सण, तर जेवण माझ्या घरचं," झल्मन तडकला होता.

तडकण्याला कारण होतं. हेन्याने तिच्या गावात म्हाताऱ्यांच्या एका निवासात त्याच्यासाठी खोली बघून ठेवली होती. बाबांना एकट्यानं निभत नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. शेवटी कशीबशी कबूल झाली होती, "बरं, सणाचं जेवण नीट करून दाखवा, मग खोलीचं बघू." तेव्हा त्या भांड्यात नुसतं मांस शिजत नव्हतं. झल्मनचं घर शिजत होतं.

दुपार झाली तसा वास सुटला. आधी कांद्याचा, मग लसणीचा, आणि मग तो तिसरा, ज्याला नाव नाही, पण जो आला की ब्रायना म्हणायची, "झालं हं, आता कुणी घाई करू नका." झल्मनला भरून आलं. आपल्या हातून हे झालं? या इस्त्रीवाल्या हातून? आनंदाच्या भरात त्याने झाकण उचललं, समोर वाळत घातलेला डाव घेतला आणि उकळता रस्सा ढवळला. तेवढ्यात फोन वाजला. डाव भांड्यातच ठेवून तो धावला.

"बाबा, निघाले मी. तुमचे जावई आणि मुलं मागून येताहेत. वाटेत थांबू का कुठं, काही आणू?"

"काही नको. नुसती भूक आण," तो ऐटीत म्हणाला.

परत आला आणि जागच्या जागी थिजला. भांड्यातून वर आलेली मूठ निळी होती.

त्या घरात लाल मूठ मांसाची आणि निळी मूठ दुधाची. भांडी वेगळी, खण वेगळे, मोऱ्यासुद्धा दोन. ज्यू धर्माचा नियमच तसा: दुधाचं मांसाला लागू द्यायचं नाही म्हणजे नाही, आणि इतक्या वर्षांत ब्रायनाच्या हातून ही चूक एकदाही झाली नव्हती. याच डावाने सकाळी त्याने दुधातली ओट्सची लापशी ढवळली होती.

त्याने डाव झटकन काढला, धुतला, पुसला आणि दुधाच्या खणात ठेवून दिला. खण बंद केला. झालं. कुणी पाहिलं होतं? देवाला कळलं असणार हे खरं, पण देव काही हेन्याला फोन करून सांगणार नव्हता. झल्मन खुर्चीत बसला. वास घरभर दरवळत होता. पाच मिनिटंही त्याला तिथं सुखानं बसवेना. हेन्या विश्वासानं पहिला घास घेणार, नातवंडं घेणार, आणि आपण समोर बसून "वाढू का अजून?" म्हणणार! छे. त्याने धर्मगुरूंना, रब्बींना, फोन लावला.

रब्बी तरुण होते, मनाने मऊ. सगळं ऐकून म्हणाले, "ग्रोसकाका, नीट आठवून सांगा. तो डाव कालपासून गरम दुधात गेला नसेल, तर मांस चालेल. काल-आज वापरला नसेल ना?"

झल्मनला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. एक "नाही" म्हटलं की मांस वाचलं, घर वाचलं.

"आजच सकाळी गेला, रब्बी. लापशीत."

"लहानसाच असेल हो? चमच्याएवढा? भांड्यातलं सगळं त्याच्या साठपट असलं तरी चालतं," रब्बींनी जवळजवळ विनवणीच केली.

"डाव आहे. चांगला मोठा."

"मग नाही चालणार, काका. कुणालाच देऊ नका, टाकून द्या. आणि..." रब्बी अडखळले, "भांडं मातीचं आहे ना? धातूचं असतं तर शुद्ध करून घेता आलं असतं. मातीचं बाटलं की बाटलं."

"कळलं," झल्मन म्हणाला. "सणाच्या शुभेच्छा, रब्बी."

हेन्या आली तीच नाक वर करून. "अगं बाई, आईचा वास! बाबा, अगदी आईचा!" पर्स फेकून ती कुकरपाशी गेली, झाकण उचललं, काटा टोचला. मांस पाकळीसारखं सुटलं. "जमलं की हो तुम्हाला! मला वाटलंच नव्हतं."

"खाऊ नकोस," झल्मन म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. हेन्याने काटा खाली ठेवला.

"म्हणूनच म्हणत होते ना मी!" तिचा आवाज चढला. "एकट्यानं नाही निभत, बाबा. आज डाव चुकला, उद्या गॅस चालू राहील. आता सहा माणसांना जेवायला काय घालायचं? आणि आईचं भांडंही गेलं!"

"हो. गेलं."

"कुणी होतं का इथं? कुणी बघितलं?"

"कुणी नाही. सांगितलं नसतं, तर तू आता बोटं चाटत असतीस."

हेन्या बापाकडे बघत राहिली. झल्मनने मांस पिशवीत ओतलं. हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि वास मात्र तसाच रेंगाळत राहिला. मग ते रिकामं भांडं उचलून तो मोरीपाशी गेला. मांसाच्या मोरीत आता ते चालेना, दुधाच्याही चालेना. तो सरळ न्हाणीघरात गेला, टबापाशी गुडघे टेकून बसला आणि साबण लावून भांडं घासू लागला. काठ, तळ, बाहेरची बाजू.

हेन्या दारात येऊन उभी राहिली. "टाकायचंच आहे ना ते? मग घासताय कशाला?"

"खरकटं भांडं ती घराबाहेर जाऊ द्यायची नाही."

हेन्या खाली बसली. खुंटीवरचा पंचा घेतला, त्याच्या हातातून भांडं घेतलं आणि पुसू लागली. तिचे डोळे वाहत होते, ते तिने पुसले नाहीत.

"खोलीचं बोलणार होतीस ना?" झल्मनने विचारलं. "बोल आता. मी ऐकतो."

"कुठली खोली?" हेन्या म्हणाली. "उठा, गुडघे दुखतील. अंडी किती उकडायची ते सांगा."

सूर्य मावळून सण लागायला अजून वेळ होता. झल्मन ते लखलखीत भांडं घेऊन एकटाच रस्त्याच्या कडेला गेला. कचऱ्याच्या डब्यात टाकायला हात धजेना. त्याने ते डब्याशेजारी गवतावर ठेवलं, झाकण नीट बसवलं आणि थोडा वेळ तिथंच उभा राहिला.