कापूस

"बोट पुढे करा," सिस्टर म्हणाली. समोरच्या दांडगट माणसानं डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. तिच्यावर साधा ओरखडाही नव्हता. त्याच्यामागे दवाखान्याच्या दारापर्यंत रांग, आणि सगळे असेच ठणठणीत. इतक्या चांगल्या तब्येतीचे पेशंट तिनं उभ्या नोकरीत पाहिले नव्हते.

रांग आणली होती तिच्या धाकट्या दिरानं. मतदानाची शाई पट्टीला लागेल, मग पट्टी फेकायची आणि नवी बांधून पुढच्या केंद्रावर पुन्हा मत द्यायला जायचं. ही युक्ती साहेबांची, म्हणजे उमेदवाराची.

"कोणी हटकणार नाही?"

"आतली माणसं आपलीच आहेत. बाहेरचे निरीक्षक शाई लावली की नाही एवढंच बघतात. हात चालवा, वहिनी."

नाही म्हणावं, तर साहेबांच्या एका फोनवर तिची बदली. मग अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं कोण करणार? हो म्हणावं, तर पुढे कधी स्वतःचं मत द्यायचीही लाज वाटेल. इकडे आड, तिकडे विहीर. तिनं निमूटपणे पट्टी उलगडली. कापसाचा डबा मात्र उघडलाच नाही. जाळीदार पट्टीचा एकच वेढा आणि वर गाठ.

शेवटचं बोट दिराचं. ती लग्न होऊन आली तेव्हा हेच बोट धरून त्याला शाळेत सोडायची. त्यानं पट्टीवरून अंगठा फिरवला, तिच्याकडे बघितलं आणि निघून गेला.

दिवसभर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बाहेर जीप थांबली की सुई हातात तशीच राहायची. एका म्हातारीला तिनं एकच गोळी तीनदा समजावली.

"सिस्टर, तुम्हालाच बरं दिसत नाही," म्हातारी म्हणाली.

दिवेलागणीला दीर एकटाच आला. डावा हात पोटाशी धरलेला.

"सगळ्यांची बोटं काळी झाली. शाई थेट कातडीपर्यंत. एकेक मत देऊन सगळे घरी."

तिनं दार लोटून घेतलं.

"साहेबांनी विचारलं, पट्टीत कापूस का नव्हता?"

"मग?"

"म्हटलं, मीच वहिनीला नको म्हणून सांगितलं होतं."

त्यानं हात टेबलावर ठेवला. काळी तर्जनी सुजून टम्म झाली होती आणि मधल्या पेरापासून भलतीकडेच वळली होती. सिस्टर कपाटाकडे वळली. तिनं पट्टीचं भेंडोळं काढलं.

"या वेळी कापूस घाला, वहिनी," तो म्हणाला.