पितळेचा हात

विशालाक्षीने तापल्या तुपात मोहरी टाकली आणि ती तडतडायच्या आत बाहेरून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

तिने हात लांबवून खिडकी लावून घेतली, तेवढ्यात फोडणी जळली. आज शुक्रवार आहे हे ती सकाळपासून विसरायला पाहत होती. खिडकीचा तसा काही उपयोग नव्हता म्हणा. दोन गल्ल्या पलीकडे देवीच्या अम्मन हॉलच्या गच्चीवर कर्णा होता, त्याचं तोंड नेमकं इकडे, आणि वारा असला की आवाज कौलांवरून थेट चुलीपर्यंत यायचा. शब्द कळत नसत. एक ओढलेला, रडवेला सूर यायचा, मध्येच तुटायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

वाईट होतं ते वेगळंच. तो सूर सुरू झाला की तिचा गळा आतल्या आत हलू लागे. ओठ मिटलेले, आणि आत कुणीतरी बोलत असे. कॅसेट संपली की तिला गरम पाणी प्यावं लागे, कारण घसा खरोखरच दुखायचा.

अकरा वर्षं विशालाक्षीच्या अंगात देवी येत होती. प्रथम आली ती घरातल्या घरात, एका नवरात्रात. तिचे थोरले भाऊ बाळकृष्णराव तेव्हा शेजारी बसले होते. अण्णा म्हणजे सरळ, भाविक माणूस, तंजावरच्या मराठी घरातला, पण शाळेत तमिळ शिकवणारा. देवी मराठीत बोलली, ते त्यांनी जमलेल्या चार बायकांना तमिळमध्ये सांगितलं. त्या चार बायकांनी चाळीस आणल्या. मग ओरत्तनाडूकडून, पापनाशमकडून बस भरून माणसं येऊ लागली. सभा स्थापन झाली, कमिटी झाली, हॉल झाला, गच्चीवर कर्णा चढला. देवी परक्या भाषेत बोलते म्हणून तिचा दरारा उलट वाढला. तंजावरची जुनी मराठी घरं मात्र तिकडे फिरकली नाहीत. त्यांना हे सगळं जरा हलकं वाटे. त्यामुळे त्या हॉलमध्ये देवीची भाषा कळणारा माणूस एकच होता, तो म्हणजे अण्णा. विशालाक्षीचा नवरा हनुमंतराव रेल्वेत होता, शुक्रवारी त्याची तिरुच्चीला ड्यूटी असे, आणि असल्या बाबतीत आपल्याला काही कळत नाही असं म्हणून तो मोकळा झाला होता.

अंगातून देवी गेली की विशालाक्षीला एक अक्षर आठवत नसे. दुबईहून कुणा भक्ताने टेपरेकॉर्डर आणला तेव्हापासून अण्णा दर शुक्रवारचं बोलणं भरून ठेवत. ते तिने ऐकायचं नाही, असा नियम होता. नियम पुष्कळ होते. मुलीला हॉलमध्ये न्यायचं नाही. पायात चप्पल घालायची नाही. शुक्रवारी कॉफी नाही. दुसऱ्याच्या घरचं खायचं नाही. आणि बोलणं चालू असेपर्यंत उजव्या तळव्यावर कापूर जळत ठेवायचा.

सोडलं ते त्या तळव्यापायीच. गेल्या वर्षी एका शुक्रवारी घरी आल्यावर नित्या, तिची मुलगी, हातावर मलम लावत होती. लावता लावता पोरीने विचारलं, "दुखतें कां, अम्मा?" विशालाक्षी 'नाही' म्हणणार होती. त्याऐवजी ती रडू लागली. अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. माणसं पायांवर डोकं ठेवून जात, हाताकडे कुणी बघत नसे. पुढच्या शुक्रवारी ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

सोडल्यावर काहीच झालं नाही, याचीच पहिले काही दिवस तिला धास्ती वाटली. घर पडलं नाही, कुणी आजारी पडलं नाही. तिने रबरी चपला घेतल्या आणि नवं काही शिकल्यासारखी त्या घालून अंगणात फिरली. शुक्रवारी कॉफी प्यायली, तीही दोनदा. संध्याकाळी ओट्यावर बसून राहायची, ओठांवर जप नाही, मनात मागणं नाही, समोर नारळाच्या झावळ्या हलतात तेवढ्या बघायच्या. आपल्याला कारलं आवडतं आणि गर्दी आवडत नाही, हे तिला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. अशी शांतता तिने कधी अनुभवली नव्हती. ती सुखात होती.

फक्त एक गाठ सुटत नव्हती. इतकी वर्षं आपल्या तोंडून बोललं कोण? देवी असेल, तर आपण तिला टाकून आलो. नसेल, तर आपण हजारो माणसांना फसवलं. दोन्हींपैकी एक खरं असणार, आणि कुठलंही खरं असलं तरी त्या ओट्यावर बसायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटे. त्यात अण्णांनी जुन्या कॅसेटी लावायला सुरुवात केली. आता गावात म्हणू लागले होते, बाई गेली पण अम्मा गेली नाही.

दारात चपला वाजल्या. नित्या कॉम्प्युटरच्या क्लासवरून आली होती. तिने बंद खिडकीकडे पाहिलं, मग आईकडे.

"बस आज हॉलपाशींच थांबली," ती म्हणाली. नित्याचं मराठी अडखळत चालायचं, कळायचं मात्र सगळं. "कर्ण्याच्या खालींच उभी होतें."

"ऐकलीस?"

"आमा," नित्याने होकारार्थी मान हलवली.

विशालाक्षीने पळी खाली ठेवली. "काय म्हणते ती?"

नित्याने क्लासची वही कोनाड्यात ठेवली. मग म्हणाली, "तूं जाऊन ऐक. मी सांगणार नाहीं."

"मजला भय वाटतें, नित्या."

"ठाऊक आहे. तरी जा. सार मी बघतें."

हॉलच्या पायरीशी विशालाक्षीने चपला काढल्या आणि त्या ढिगात सरकवल्या. दार पितळेचं होतं, दोन माणसांच्या उंचीचं. आत कापराचा धूर दाटला होता. धुरामुळे धरावा तसा तिने पदर नाकातोंडाशी धरला आणि बायकांच्या मागे, खांबाच्या आडोशाला बसली.

मग तिने समोर पाहिलं, आणि तिथे ती स्वतःच बसली होती.

खुर्ची तिचीच होती. तिचं लाल रेशमी लुगडं उशांवर असं नेसवलं होतं की गुडघे कुठे आणि मांडी कुठे ते कळत होतं. खांद्याच्या जागी हार होता. खुर्चीच्या डाव्या हातावर बांगड्या रचल्या होत्या. उजव्या हातावर कोपरापासून पुढे एक पितळेचा हात बसवला होता, तळवा वर करून, आणि त्यावर कापूर जळत होता. तळवा बरोबर मधोमध काळा पडला होता, जिथे तिला डाग होता तिथेच. तोंड तेवढं नव्हतं. हाराच्या वर नुसता धूर होता.

विशालाक्षीने आपली उजवी मूठ घट्ट मिटली.

खुर्चीशेजारी अण्णा बसले होते, पुढ्यात टेपरेकॉर्डर, त्याच्यासमोर माईक. वर्षभरात ते फार वाळले होते. पुढच्या रांगेतली एक बाई उठून खुर्चीसमोर गेली आणि तमिळमध्ये बोलू लागली. ओरत्तनाडूजवळच्या गावाहून आली होती. मुलगी तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात कामाला गेली, पोंगलच्या सणापासून तिचा काही पत्ता नाही. "येईल का, अम्मा? एवढंच सांग."

अण्णांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

आधी नुसती खरखर झाली. मग श्वास ऐकू आला, अगदी जवळून, कानाशी कुणी बसल्यासारखा. विशालाक्षीचा गळा हलू लागला, पण या वेळी तिने तो हलू दिला.

"अण्णा," आवाज म्हणाला, "मज घरीं जाऊं द्या, अण्णा. हात भाजतो. कोणीं तरी विचारा मज. केवढा वेळ झाला. दार उघडा. मज घरीं जाऊं द्या."

खट्. अण्णांनी टेप थांबवला.

विशालाक्षीला वाटलं होतं की गर्जना ऐकू येईल, शाप ऐकू येतील, मंत्र नाहीतर आपल्याला न येणारं काहीतरी. पण हे तर चुलीपुढचं बोलणं होतं. ती हनुमंतरावाशी बोलायची तसं, नित्याशी बोलायची तसं.

अण्णा माईकमध्ये तमिळमध्ये सांगत होते. "अम्मा म्हणते, तुझ्या मुलीचं मन घराकडे लागलं आहे. कामाने तिचे हात भाजले आहेत. बाई, घराचं दार उघडं ठेव. ती येईल." बाई तोंडात पदर कोंबून रडली, हसली, आणि खुर्चीपुढे आडवी झाली.

अण्णांनी कॅसेट बदलली. ही जुनी, कोवळ्या आवाजाची. एका म्हाताऱ्याने बायकोच्या दुखण्याचं विचारलं. "घरीं जाऊं द्या," आवाज म्हणाला, "अण्णा, हात भाजतो." अण्णांनी त्याला दुसरं काही सांगितलं. त्यानंतरची कॅसेट कुठल्या वर्षाची होती कोण जाणे. बाई तीच होती आणि मागणंही तेच. ती रडत होती, विनवत होती, आणि समोरची माणसं हात जोडून बसली होती.

विशालाक्षीला राग आला नाही. तिला त्या आवाजाची दया आली, भारी दया आली. कुणाची तरी मुलगी इतकी वर्षं इथे कोंडलेली होती, आणि खिडकी लावून घेणाऱ्यांत आपणही होतो. देवीला आपण टाकलं नव्हतं. माणसांनाही आपण फसवलं नव्हतं. टाकलं होतं ते हिला.

ती उठली. बायकांच्या मधून वाट काढत पुढे गेली, वाकली आणि बटण दाबलं. रडणं मध्येच तुटलं.

आधी कुणाला काही कळलं नाही. मग पुढच्या रांगेत कुणीतरी "अम्मा" म्हणालं, आणि तो शब्द मागच्या भिंतीपर्यंत गेला. खुर्चीतली अम्मा आणि उभी अम्मा. बायका एकीकडून दुसरीकडे पाहत होत्या. एक लहान मूल घाबरून रडू लागलं.

अण्णा खुर्चीचा पाय धरून उठले. बहीण म्हणून बोलावं की नमस्कार करावा, हे त्यांना ठरवता येईना. हात अर्धवट जोडून ते राहिले.

"अण्णा," ती हळू म्हणाली, "हें तुम्हांस कळत होतें ना?"

"कळत होतें म्हणजे?" अण्णांचे डोळे भरले. "पहिल्याच शुक्रवारीं देवी मज अण्णा म्हणाली, विशाला. मी तें कधीं विसरलों नाहीं. घर मागते म्हणून हें घर बांधलें. दार मागते म्हणून पितळेचें दार केलें. आणखी काय करायचें होतें मी?"

ते खरं बोलत होते. त्यांच्या तोंडाकडे पाहून ते तिला कळलं, आणि फसवणुकीपेक्षा हे तिला जास्त भयंकर वाटलं.

"हात भाजतो म्हणत होती," ती म्हणाली. "त्याचें काय केलें?"

अण्णांनी खुर्चीकडे पाहिलं. कापूर जळतच होता. त्यांनी पितळेच्या हाताकडे बोट केलं.

"हा केला," ते म्हणाले.

पुढच्या रांगेतून ओरत्तनाडूची बाई तमिळमध्ये विचारत होती, "अय्या, काय म्हणते अम्मा? आम्हालाही सांगा." सगळा हॉल अण्णांकडे पाहू लागला. इतकी वर्षं असाच पाहत आला होता.

विशालाक्षी माईकजवळ गेली. तिने घसा खाकरला नाही. तो दुखत नव्हता.

"मी घरीं जातें, अण्णा," ती म्हणाली.

आवाज तोच होता, हे सगळ्यांना कळलं. फक्त त्यात रडणं नव्हतं. गच्चीवरच्या कर्ण्यातून तो गल्ल्यांवर गेला, कौलांवरून पुढे, सारापाशी उभ्या असलेल्या नित्यापर्यंत.

सवयीने अण्णांचा उजवा हात वर झाला. अर्थ सांगायच्या आधी तो असाच वर होई. ओठ उघडले, मिटले. ते काहीतरी जुळवत असावेत. विशालाक्षी त्यांच्याकडे पाहत थांबली. तिला घाई नव्हती.

हात खाली आला.

"अम्मा घरी जाते म्हणते," अण्णा तमिळमध्ये म्हणाले.

"आणखी?" कुणीतरी विचारलं.

"एवढंच."

माणसं बाजूला झाली. हात जोडूनच झाली, पण मध्ये वाट पडली, आणि त्या वाटेने ती पितळी दाराबाहेर गेली. ढिगातून तिने आपल्या चपला स्वतः शोधून काढल्या. एक पाय आत घातला असेल नसेल, तेवढ्यात वर कर्ण्यातून एक बारीक आवाज आला. स्स.

तिने वळून पाहिलं. खुर्चीवरचा कापूर दाबून विझवलेला होता. अण्णा बोट तोंडात धरून उभे होते, लहान मुलं धरतात तसं, आणि त्यांच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

विशालाक्षी पायरीवरच थांबली.

"भाजलें कां, अण्णा?" तिने विचारलं.

अण्णांनी मान हलवली. हो.