मुरूमचे शरणार्थी

"आता हे सांगितलं तर मुरूमातलं काळं कुत्रंबी खरं मानणार न्हाय," धोंडप्पा म्हणाला आणि त्यानं पानाची चंची मांडीवर उलटी केली. "पर घडलंय. मलेशियात. सकाळच्या फराळाला बसलतो. एका ताटात तर पाय असलेलं कायतरी हुतं आन ते माझ्याकडंच बघूलालतं. आमच्या हिनं पिशवीतनं कडक भाकर काढली, टेबलावर ठिवली. म्या चटणीची पुडी सोडतोय तवर वेटर आला, 'सॉरी सॉरी' म्हनला आन भाकर उचलून घिऊन गेला."

"आन ती कशाला?" मल्लिनाथनं विचारलं. त्याचं अडत दुकान शेजारीच. दुकानाला कुलूप घातलं की घरी जायच्या आधी तो धोंडप्पाच्या ओट्यावर टेकायचाच.

"ताट समजला की. धुतली, पुसली, परत आनून ठिवली. वर एक फूल ठिवलं."

"आन अण्णा, भाकर?"

"भाकरीला काय हुतंय? आपल्या शाळूची हाय. जरा साबणाचा वास लागला, एवढंच."

कोपऱ्यात वाती वळत बसलेली शेजारची म्हातारी शिवम्मा तोंडाला पदर लावून हसली.

धोंडप्पानं हयातभर मुरूमच्या बाजारात तोलारी केली. काट्यावर कधी मूठभर दाण्याचं खोटं केलं नाही. ते सगळं जिभेनं भरून काढलं. गावाला त्याची सवय होती. पुण्याच्या पोरानं, उत्कर्षनं, आईबापाला सोलापूरच्या मंडळींबरोबर तीन आठवडे थायलंड, मलेशिया, सिंगापूर असं धाडलं, तेव्हाच गाव म्हणालं होतं, या माणसाला न बघता इतकं दिसतं, बघून आला तर आपलं काय होणार.

पण हल्ली ओट्यावरच्या या गप्पा नुसत्या गप्पा राहिल्या नव्हत्या.

इरकल नेसून, पायात कॅनव्हासचे बूट घालून तीन देश पालथे घातलेली त्याची बायको महानंदा घरी आल्यावर दोन महिन्यांत आपल्याच न्हाणीत घसरली. खुबा मोडला. सोलापुरात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "सांधा छान बसलाय. आता चालायला पाहिजे. नाही चालल्या, तर पाय आहेत हेच विसरून जातील." घरात वॉकर आला. महानंदानं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

"चार पायावर जनावर चालतंय," ती म्हणाली. "आन मला आता जायचंय कुठं? बघायचं ते बघून झालं."

सासूसाठी पुण्याहून येऊन राहिलेली सून शिवलीला विनवून थकली. उत्कर्ष फोनवर आधी रागावला, मग रडला. कूस बदलताना धोंडप्पा तिचा पाय उचलून धरायचा. हाताला वजन कळणारा माणूस तो. पाय दिवसेंदिवस हलका होत चालला होता, आणि हे वजन तो कुणाला सांगत नव्हता.

मग एका संध्याकाळी ओट्यावर बँकॉकच्या बाजाराचा विषय निघाला. बोलण्याच्या भरात धोंडप्पा म्हणाला, की तिथं आमच्या हिनं छत्री घेतली, दुकानदारानं सांगितला त्याच भावात.

"खोटं हाय ते," आतून आवाज आला. "त्यानं यंत्रावर आकडा दाबला, म्या पुसून माझा दाबला. त्यानं पुसला, म्या परत दाबला. शेवटाला त्यानंच हात जोडले."

धोंडप्पानं आत डोकावलं. कितीतरी दिवस आडवी पडलेली महानंदा कोपरावर उठून बसली होती.

काटा कशानं हलतो ते तोलाराला सांगावं लागत नाही. आजवर तो हौसेनं खोटं बोलायचा. दुसऱ्या दिवसापासून ते त्याचं काम झालं, आणि कामात त्यानं कधी अंग चोरलं नव्हतं.

सिंगापूरच्या मोठ्या पाळण्यात ही भ्याली आन माझं धोतर धरून बसली, असं त्यानं सांगितलं, तेव्हा महानंदाचे पाय खाटेवरून खाली आले. "भ्यालं कोन? डोळं मिटून जप कोन करूलालतं?" मॉलमधल्या सरकत्या जिन्याला हिनं खाली वाकून नमस्कार केला, असं सांगितलं, तेव्हा ती शिवलीलेला म्हणाली, "दे गं ते जनावर हिकडं," आणि वॉकर धरून, धापा टाकत, माजघराच्या दारापर्यंत आली.

पण तिथंच गाडं अडलं. माजघराच्या दारातून बोललेलं ओट्यावर लख्ख ऐकू येई, मग पुढं यायचं कशाला? ती तिथूनच धोंडप्पाचं माप काढायची आणि परत खाटेवर जाऊन पडायची. धोंडप्पानं तोड काढली.

"विमानात बसल्यापासनं माझा कान गच्च झालाय," तो ओरडून म्हणाला. "काय म्हनायचं ते हितं यिऊन म्हन."

"मग नका ऐकू," आतून उत्तर आलं. त्यानंतर चार दिवस त्यानं काय वाट्टेल ते सांगितलं. आतून हूं की चूं नाही.

आता एकच गोष्ट उरली होती. ती त्यानं कधी कुणाला सांगितली नव्हती, कारण तिच्यात फजिती त्याची होती. महानंदानंही सांगितली नव्हती. नवऱ्याचं हसं चारचौघांत करायचं नाही, हा तिचा नेम. पण त्या प्रवासातली सगळ्यात मोठी कमाई तिच्या लेखी तीच होती, हे त्याला ठाऊक होतं. ती उलटी करून सांगायची म्हणजे तिच्या गाठीचं सोनं काढून घेण्यासारखं होतं. लागलं तर लागलं. नाहीतर ती भिंतीकडं तोंड करील ते कायमचं.

धोंडप्पानं पान थुंकलं, तोंड पुसलं.

"पयल्याच इमानतळावर," तो मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "काचंच्या खिडकीत एक पोरगी बसलती. पासपोर्ट बघितला, आमच्याकडं बघितलं. आता शिवम्मा, समोर मानूस आलं की आपल्यात काय म्हनतेत?"

"शरणार्थी," शिवम्मा वातीसकट हात जोडून म्हणाली. लिंगायताच्या घरी आल्यागेल्याला हेच म्हणतात.

"तर. आमच्या हिनं हात जोडले आन म्हनली, शरणार्थी."

आत खाट करकरली.

"पोरीला काय कळंना. तिनं हिंदी बोलणारा एक सायेब बोलिवला. त्यो म्हनला, क्या बोले? ही अजून वाकून म्हनली, शरणार्थी. आता मल्लिनाथ, हिंदीत शरणार्थी म्हंजे कोन?"

मल्लिनाथनं कपाळावर हात मारला. "देश सोडून आसऱ्याला आलेला."

"झालं. आमाला आत नेलं. खुर्ची दिली, पानी दिलं. सायेब लई मायेनं इचारतोय, तुमच्या मुलखात काय तकलीफ हाय? आन ही म्हनती कशी, तकलीफ तो बहुत है साब, नळाला पानी आठ दिन को आता है."

मल्लिनाथ पोट धरून आडवा झाला. शिवम्माच्या वाती ओट्यावर पसरल्या.

"अहो," माजघरातून आवाज आला. "कोन म्हनलं ते?"

"कुनी बोलूलालंय का? मला तर कायबी ऐकू येईना," धोंडप्पा म्हणाला. "तर सोलापूरची मंडळी भाईर ताटकळलेली. सायेबानं लिहायला कागद वढला. म्हनलं, आता जल्मभर हितंच भात खावा लागतोय. मग म्या उठलो."

तो थांबला. इथून पुढचं बोलणं तिचं होतं, शब्द न् शब्द. तेही त्यानं आपल्या तोंडी घेतलं.

"म्या म्हनलं, साब, मेरे घर में म्हैस है, गाभण. म्हैस छोड के कोई भागता क्या?"

आत वॉकर जमिनीवर आपटला. शिवलीला धावायला उठली. धोंडप्पानं तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. वॉकर पुन्हा आपटला, मग फरफटला. बैठकीत आला. तिथं थांबला. मल्लिनाथ हसायचं विसरला.

"सायेब लई हसला," धोंडप्पा रस्त्याकडं बघत म्हणाला. मान वळवायची त्याची छाती नव्हती. "त्याच्याबी गावाकडं म्हैस हुती म्हनं. त्यानं मला हात..."

वॉकर उंबऱ्याला अडला. महानंदानं तो बाजूला सारला, चौकट धरली आणि एक पाय ओट्यावर टाकला. केस सुटलेले, चेहरा घामानं निथळत होता. मग तिनं दुसरा पाय उचलला.

"सगळं खोटं सांगूलालेत हे," ती म्हणाली. "शरणार्थीबी ह्यांनीच म्हनलं, नळाचं गाऱ्हानंबी ह्यांचंच. म्हशीचं बोलले ती म्या. सरक रे मल्लिनाथ, मला बसू दे."