शिंक अडकलेल्या हत्तीचं पुस्तक

मी एक पुस्तक बोलतोय. पुस्तक म्हणजे अर्धंच. उरलेलं अर्धं वाळवीच्या पोटात गेलं. दया वाटत असेल तर ती जरा बाजूला ठेवा आणि आधी ऐकून घ्या. मी रागात आहे, आणि रागावलेलं पुस्तक तुम्ही फारसं पाहिलेलं नसणार.

माझ्यात एका हत्तीची गोष्ट आहे. त्याला शिंक येत असते, पण बाहेर पडत नसते. सोंडेतच अडकून बसते. मग तो खारीकडे जातो, बेडकाकडे जातो, वटवाघळाकडे जातो. जो तो आपापला उपाय सांगतो, हत्ती बिचारा सगळे करून बघतो, आणि शेवटी ती शिंक अशी काही येते की... पण शेवट आता माझ्यापाशी नाही. तो कुठे गेला ते पुढे सांगतो.

छापखान्यातून निघालो तेव्हा माझ्या मागच्या पुठ्ठ्यावर एक ओळ होती : 'मुलांनी घरी नेऊन वाचण्यासाठी. विनामूल्य.' त्या ओळीचा मला केवढा तोरा होता! इतर पुस्तकांच्या पाठीवर किंमत असे. माझ्या पाठीवर नव्हती, पण म्हणून मी कवडीमोल नव्हतो. मी सगळ्यांचा होतो. हा फरक भल्याभल्यांना कळत नाही. फुकट म्हटलं की त्यांना वाटतं, कुणाचंच नाही. मग ज्याच्या हातात किल्ली तो मालक.

माझे पहिले दिवस सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात गेले. खोली लहानशी, खाली सतरंजी, आणि मांडण्या इतक्या ठेंगण्या की नुकतं चालायला लागलेलं पोरही आम्हाला हात घालू शके. तिथल्या ताई दिवसभर चष्मा शोधायच्या आणि तो त्यांच्या डोक्यावर असायचा. मुलं सांगायची नाहीत. मजा बघत बसायची. ताईंचं एकच म्हणणं होतं : घरी न्या, वाचा, फाटलं तर रडू नका, घेऊन या, आपण चिकटवू.

मी किती घरं बघितली! उशीखाली झोपलो, ओल्या हातांनी हाताळला गेलो, एकदा तर गरम पातेल्याखाली ठेवला गेलो. ती गोल खूण अजून आहे. एक मुलगी मला पुन्हापुन्हा न्यायची. वटवाघळाच्या पानावर आली की मुद्दाम नाक वर करून मोठ्यांदा शिंकायची आणि आपणच खिदळायची. ताईंनी तिचं नाव शिंकरी ठेवलं होतं. माझ्या त्या पानावरचे बारीक डाग तिचेच.

पुढे ताई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. वाचनालयाच्या मंडळींना सभांसाठी, सत्कारांसाठी खोली हवी होती, आणि बालविभागात गोंधळ फार, असं त्यांच्या लक्षात आलं. सतरंजी गुंडाळली गेली. मऊ खुर्च्या आल्या. आम्हाला खोक्यांत भरून जवळच्या शाळेला भेट दिलं. त्या कार्यक्रमात एका गृहस्थांनी भाषण केलं : मुलं शाळेत असतात, तेव्हा मुलांची पुस्तकं शाळेतच शोभतात. टाळ्या पडल्या.

शोभतात म्हणजे काय, ते शाळेत गेल्यावर कळलं.

मुख्याध्यापकांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर मागे, काचेच्या दारांचं एक देखणं कपाट होतं. आम्हाला उंचीप्रमाणे त्यात लावलं. कुलूप बसलं. किल्ली टेबलाच्या खणात गेली.

मुख्याध्यापक वाईट माणूस होते, असं मी म्हणणार नाही. काचेवर बोट उमटलं तर ते स्वतःच्या रुमालाने पुसायचे. आमच्यावर त्यांचा जीवच होता म्हणा ना. ते चोर असते तर मला एवढा राग आला नसता. चोराने आम्हाला निदान विकलं असतं, आणि कुठल्यातरी गल्लीत कुणीतरी वाचलं असतं.

त्या खोलीत मुलं यायची ती ओरडा खायला. ओरडा खाताना मान खाली घालायची असते, पण त्यांचे डोळे मुख्याध्यापकांच्या खांद्यावरून आमच्याकडे असायचे. मी त्यांना दिसायचो, ती मला दिसायची. मध्ये फक्त काच, तीही बोटभर जाड नसलेली. वर्गाच्या बाईंनी एकदा भीत भीत विचारलं होतं की आठवड्यातून एकदा मुलांना एकेक पुस्तक घरी देऊ या का. मुख्याध्यापकांनी त्यांना प्रेमाने समजावलं. मुलांचे हात बरबटलेले असतात, घरात जागा नसते, धाकटी भावंडं पानं फाडतात, आणि मुख्य म्हणजे पालकांना कदर नसते. हे शेवटचं वाक्य ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. पालकांना कदर नसते. ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं, आणि दर वेळी अंगाची लाही व्हायची. कदर करायला पालकांना कधी काही दिलं होतंत तुम्ही?

मग एक दिवस वरिष्ठ अधिकारी बाई शाळा बघायला येणार म्हणून कपाट उघडलं. अंगणात मुलांच्या रांगा केल्या, प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक दिलं, आणि पालकांना मागच्या बाकांवर बसवलं. 'वाचणारी मुलं' असा फोटो काढायचा होता. पुस्तक छातीशी धरायचं, उघडायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

मी आलो एका किडकिडीत मुलीच्या वाट्याला. तिला सगळे भिंगरी म्हणत. तिने ताकीद ऐकली आणि लगेच मला उघडलं. छायाचित्रकार मागे-पुढे सरकत होता तेवढ्या वेळात तिने खार संपवली, बेडूक संपवला आणि वटवाघळापर्यंत पोचली. इतक्या वर्षांनी कुणाचे तरी श्वास माझ्या पानांवर पडत होते. फोटो झाला. शिपाई टोपली घेऊन पुस्तकं गोळा करत आला. भिंगरीने मला सोडलं नाही.

ती रडली नाही, ओरडली नाही. नुसती धरून बसली, वाचत. मुख्याध्यापकांनी खूण केली, शिपायाने ओढलं, आणि माझं एक पान मधोमध टर्रकन फाटलं.

मुख्याध्यापक पाहुण्यांकडे वळून दुःखाने म्हणाले, "बघितलंत? म्हणून आम्ही देत नाही."

तेव्हा मागच्या बाकावरून एक बाई उठून आली. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कॉलर लावायचं काम करते. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली होती, ओढणीला दोऱ्याचे तुकडे तसेच चिकटलेले. ती भिंगरीची आई. तिने मला शिपायाच्या हातातून घेतलं, वटवाघळाचं पान उघडलं, आणि त्या बारीक डागांवरून बोट फिरवलं. मी तिला ओळखलं. शिंकरी.

"सर, पान तिने नाही फाडलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आणि हे पुस्तक माझ्या घरी राहून गेलंय. मी हिच्याएवढी होते तेव्हा. कितीदा नेलं आणि प्रत्येक वेळी परत दिलं. आमच्या घरात राहून ते इतकी वर्षं टिकलं, म्हणून तर तुमच्या कपाटात आलं."

मग तिने मला उलटं केलं आणि पाठीवरची ओळ सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली.

मुख्याध्यापक म्हणाले, वाचनालयाचे नियम वाचनालयात. शाळेची शिस्त वेगळी. अधिकारी बाईंना पुढे आणखी दोन शाळा करायच्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि द्या हो आठवड्यापुरतं, विषय संपवा, असं सांगितलं. असा मी घरी गेलो. कुणाच्या मोठेपणामुळे नाही, कुणाला तरी उशीर होत होता म्हणून.

त्यांचं घर म्हणजे एक खोली. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला लागून पलंग, त्यावर रांगणारा धाकटा. शिंकरीने कणकेची खळ करून पातळ कागदाने माझं पान सांधलं. भिंगरीचे बाबा पावाच्या भट्टीवर कामाला; पहाटे जायचे, दुपारी यायचे, अंगाला मैद्याचा वास. ते आडवे व्हायचे आणि म्हणायचे, वाच गं. बेडकापाशीच त्यांना डुलकी लागायची. मग भिंगरी त्यांच्या कानात शिंकायची. ते दचकून उठले की धाकटा टाळ्या पिटायचा. शेजारची पोरं दारात गोळा होऊन ऐकायची. कपाटातल्या सगळ्या वर्षांत मिळून मी जगलो नसेन तेवढा त्या आठवड्यात जगलो.

आठवडा भरल्यावर शिंकरीने पुन्हा अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. मला स्वच्छ फडक्यात गुंडाळून, भिंगरीचा हात धरून ती शाळेत आली. मुख्याध्यापकांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि छान ठेवलंत, अशी शाबासकी दिली.

"आता दुसरं द्या," ती म्हणाली.

ते हसले. त्या दिवशी पाहुणे होते म्हणून दिलं होतं, ते म्हणाले. एकाला दिलं की दहा जण येतील. असं देत बसलो तर कपाट रिकामं होईल.

"रिकामंच व्हायला हवं ना ते, सर?"

त्यांनी मला जागेवर ठेवलं, कुलूप लावलं, खण ओढून किल्ली आत टाकली. शिंकरी मग मुलीला घेऊन निघाली. दारातून बाहेर पडताना भिंगरीने विचारलेलं मी ऐकलं : "आई, मग आपण परत का दिलं?"

आईने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. दार लागलं होतं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. सांगा ना तुम्ही. शहाणे आहात, खुर्च्यांवर बसता. दिलेला शब्द पाळून एक बाई पुस्तक परत करते आणि तिला शिक्षा होते. त्या लहान मुलीने यातून काय शिकावं अशी तुमची अपेक्षा आहे?

पुढचं ऐकायला बरं वाटणार नाही. कपाटामागच्या भिंतीला ओल होती. ओलीतून वाळवी आली. तिने फळीला भोक पाडलं आणि खालच्या कप्प्यापासून सुरुवात केली. समोरून काही कळत नव्हतं. आमचे कणे काचेतून तसेच रंगीत, ताठ, ओळीत. रुमाल फिरतच होता. आत मात्र माझे सोबती एकेक करून पोखरले जात होते. तारे-ग्रहांचं पुस्तक, कोड्यांचं, त्या हट्टी घुबडाचं. त्यांतली कित्येक एकदाही कुणी उघडली नव्हती. माझ्यापर्यंत वाळवी उशिरा पोचली. तिने मागून सुरुवात केली, म्हणून माझी शेवटची पानं गेली. हत्ती वटवाघळापाशी उभा आहे, सोंड वर, डोळे मिटलेले, आणि पुढे काही नाही. त्याची शिंक कायमची अडकली.

पुन्हा कुणी पाहुणे यायचे होते, तेव्हा कपाट उघडलं. मुख्याध्यापकांनी एक पुस्तक ओढलं तर हातात नुसतं कव्हर आलं. बाकीच्याची माती झाली होती. ते बराच वेळ रुमाल हातात धरून उभे राहिले. इतकी जपली होती, असं पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंच होतं, मी बघितलं. आणि त्याच दुपारी त्यांनी लोखंडी कपाटाची मागणी पाठवली.

आम्हाला झाडून काढलं आणि अंगणातल्या नळाशी आमचा ढीग केला. मधल्या सुट्टीत भिंगरीने मला त्या ढिगात पाहिलं. ती शिपायाकडे बघत जागीच थांबली. तो म्हणाला, "ने गं. आता ते कचऱ्यातलं आहे."

ऐकलंत ना? धडधाकट होतो तोवर तिला मला शिवायची परवानगी नव्हती. कचरा झालो, तेव्हा मी तिचा झालो. पाठीवरची 'घरी नेऊन वाचण्यासाठी' ही ओळ शेवटी अशी खरी ठरली.

आता मी शिलाई मशीनच्या कडेला असतो. पानं कमी आहेत, पण वाचलं रोज जातं. वटवाघळाचं पान संपलं की शेवट शिंकरी तोंडी सांगते. तिच्या सांगण्यात हत्ती शिंकतो आणि जंगलातली सगळी दारं धाडधाड उघडतात. जंगलात दारं कुठली? माझ्या मूळ गोष्टीत तर नव्हतीच. पण मी तिची चूक काढत नाही.

लोखंडी कपाट आलं. नवी पुस्तकंही आली, पाठीवर तीच ओळ घेऊन. भिंगरीने घरी येऊन सांगितलं की आता काचसुद्धा नाही, आत काय आहे ते दिसत पण नाही. शिंकरी कॉलर शिवत होती. तिने मशीन थांबवलं. मग नवऱ्याला म्हणाली की उद्या भट्टीवरून सरळ शाळेत या.

किल्ल्या ज्यांच्या खणात आहेत त्यांना माझं एकच सांगणं आहे. आम्हाला जपू नका. आमचे कोपरे दुमडू देत, आमच्यावर खरकटी बोटं उमटू देत, आम्हाला एखाद्या घरात हरवू द्या. हरवलेलं पुस्तक कुणीतरी वाचत असतं. तुमच्या कपाटातल्या पुस्तकाबद्दल तेवढंही म्हणता येत नाही.

धाकटा या घडीला माझा कोपरा चघळतोय आणि शेजारची मुलगी त्याच्यावर लक्ष ठेवून आहे. बाकी सगळे शाळेत गेलेत. कारखान्यातल्या आणखी तिघी शिंकरीला न्यायला आल्या होत्या. समोरचा बसचालकही मुलाला घेऊन खाली थांबला होता. शाळेनंतर वाचनालयातल्या मऊ खुर्च्यांकडेही जायचं, असं जिन्यात त्यांचं बोलणं चाललं होतं. शिंकरीने निघताना घरातली सगळ्यात मोठी पिशवी खांद्याला लावली. ती रिकामी होती.