शिट्टीबाईंचे पक्के दात

मॅच ऐन रंगात आली असताना शिट्टीबाईंनी फाउलची शिट्टी फुंकली आणि शिट्टीमागोमाग त्यांची पुढच्या चार दातांची कवळीही गवतात जाऊन पडली! अख्खं मैदान हसून लोळलं. गोलकीपर तर खांबाला धरून हसत होता. बाईंनी कवळी उचलली, खिशात टाकली आणि बोळक्या तोंडाने फाउल दिलाच.

"शोभा झाली तेवढी पुरे," घरी दादा म्हणाला. "या वयात कसली रेफरीगिरी? ठेव ती शिट्टी खाली."

"शिट्टी नाही ठेवणार. दातच पक्के बसवणार. जबड्यात, स्क्रूने. दवाखान्यात त्यासाठी रोबोटचा हात आलाय."

"म्हणजे त्या यंत्राच्या हाती तोंड देणार? डोकं जरा हललं तर ड्रिल नाकातून निघेल!"

"निघू दे. नाकाने शिट्टी वाजवीन."

दादा कपाळाला हात लावून दवाखान्यात सोबत आला.

डॉक्टरांनी पडद्यावर बाईंचा जबडा दाखवला. "ड्रिल माझ्याच हातात असतं. यंत्र फक्त वाट धरून ठेवतं. तुमच्या दातांवर ही पट्टी बसवली की तुम्ही हललात तर तेही तेवढंच हलतं. आणि मी आखलेल्या रेषेबाहेर जायला गेले, तर मलाच अडवतं."

"तुम्हालासुद्धा?"

"मलासुद्धा."

बाईंचे डोळे चमकले. जन्मभर त्यांनी दुसरं काय केलं होतं? खेळणाऱ्यांबरोबर पळायचं आणि रेषा ओलांडली की अडवायचं, मग समोर कप्तान असो नाहीतर कप्तानाचा बाप. "दादा, हा तर आपल्यातलाच निघाला!"

हिरडी बधिर झाली, ड्रिल घरघरलं. बाईंचा आ वासलेला तो वासलेलाच. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. डोकं हललं आणि यंत्राचा हातही अलगद सोबत हलला.

दाराच्या काचेतून बघणारा दादा धाडकन आत घुसला. "थांबवा! हलली ती!"

बाईंना बोलता कुठे येत होतं? त्यांनी मान न वळवता हात वर केला, खिशातून लाल कार्ड काढावं तसा झोकात, आणि बोट दाराकडे रोखलं.

दादा मुकाट्याने बाहेर गेला. डॉक्टरांना हसू आवरेना.

हाडाने स्क्रू धरायला काही महिने घेतले. मग दात बसले आणि बाई मैदानात उतरल्या. दादा बघायला आला, तो थेट रेषेवर येऊन उभा.

"दादा, पाय मागे."

"अगं, मी काय खेळतोय का?"

बाईंनी नव्या दातांत शिट्टी घट्ट धरली आणि अशी फुंकली, की दादा दोन पावलं मागे उडाला.

दात जागचे हलले नाहीत.