दोरी काढलेलं धनुष्य

नवं धनुष्य घे, असं शिवराज सर वर्षभर सांगत होते आणि मी वर्षभर कानाडोळा करत होते. सर आमचे तिरंदाजीचे प्रशिक्षक. एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत. "महेश्वरी, तुझं हे कंपाउंड धनुष्य म्हातारं झालंय. टोकांची चाकं झिजलीत. बाकीच्या पोरी स्पर्धेला काय घेऊन उतरतात बघ की जरा." बघितलं होतं, माझे डोळे शाबूत आहेत. पैशाचीही अडचण नव्हती, चिंचोळीच्या कारखान्यात मला बरी नोकरी आहे. पण ते धनुष्य माझ्या भावाचं, विरेशचं. अक्कलकोट रोडवर त्याची गाडी ट्रकखाली गेली, त्यानंतर त्याच्या हातची म्हणावी अशी तेवढीच वस्तू घरात उरली. मी ते सोडणार नव्हते. विषय संपला.

घरात आता अप्पा आणि मी, दोघंच. अप्पा शाळेचे गणवेश शिवतात. विरेश गेल्यापासून त्यांचं बोलणं जवळजवळ बंदच झालंय. फक्त मी सरावाहून आले की धनुष्याची पिशवी माझ्या हातातून घेतात आणि स्वतः खुंटीला लावतात.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. शिलाई मशीन, कात्री, इस्त्री आणि विरेश खेळायला लागल्यापासून धनुष्यही. पूजा झाली की प्रत्येक हत्यार एकदा चालवायचं, हा आमच्या आज्ज्यानं घालून दिलेला नेम. धनुष्य विरेश स्वतः ओढायचा आणि दोरी हळूच परत आणायचा. मागच्या वर्षी सुतकामुळं पूजाच झाली नाही. यंदा मी प्रसाद आणायला आत गेले. मशीनची खडखड ऐकू आली, कात्रीची कचकच ऐकू आली आणि मग असा काही आवाज झाला की माझ्या हातातली वाटीच पडली.

बाण न लावता ओढलेली दोरी सोडायची नाही, हा आमचा पहिला धडा. बाणाबरोबर जायचा तो सगळा जोर धनुष्याच्याच अंगात शिरतो. अप्पांना हे कोण सांगणार? मी बाहेर आले तर ते धनुष्य धरून उभे होते आणि चक्क हसत होते.

"लई जोर हाय की गं, यव्वा! अजून तसाच हाय!"

मला रागही आला आणि रडूही आलं. "व्हय अप्पा," एवढंच म्हटलं.

दसरा उलटल्यावर मैदानावर सरांनी धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांवरून कापसाचा बोळा फिरवला. वरच्या पात्यावर कापूस अडकला. "चीर गेलीय. आता ओढलंस तर तोंडावर फुटेल. कुणी केलं हे?"

"माझ्याच हातून सुटलं," मी म्हणाले. सर चिडले, चिडू देत. त्याच दिवशी नवं मागवलं.

संध्याकाळी अप्पांना सांगितलं तेव्हा मशीन थांबली.

"ह्याला काय झालंय?"

"काही नाही. जुनं झालंय."

"जुनं?" अप्पा माझ्याकडे बघत राहिले. "परवा माझ्या हातानं ओढलं की. काय बी झालेलं न्हाय त्याला."

मी फटकळ आहे, मनात काही ठेवता येत नाही मला. पण त्या दिवशी ओठावर आलेलं गिळलं. माझ्या हातानं, असं ते केवढ्या अभिमानानं म्हणाले होते!

"तुला नवं पायजे तर घे," ते म्हणाले. "हे ऱ्हाऊ दे खुंटीला. दर खंडेनवमीला मी एकदा ओढीन. त्याच्या नावानं."

म्हणजे ते अप्पांच्याच तोंडावर फुटणार होतं. दुसऱ्या दिवशी मी ते मैदानावर नेलं आणि सरांच्या यंत्रावर पाती दाबून त्याची दोरी काढून घेतली.

घरी आले. अप्पांनी नेहमीसारखी पिशवी घेतली, पण आज ती उघडली. दोन चाकांच्या मधल्या रिकाम्या जागेतून त्यांची बोटं फिरली.

"दोरी कुटं हाय?"

"काढली."

"नव्याला लावणार व्हय?"

खोटं बोलायला मला शब्दही शोधावा लागला नाही, त्यांनीच हातात दिला. "व्हय," मी म्हणाले.

"तेवढी तर ठेवायची हुतीस की त्याची," अप्पा म्हणाले आणि त्यांनी पिशवीची चेन लावली.

आता मी सरावाहून येते तेव्हा अप्पा मशीनवरून उठत नाहीत. नव्या धनुष्याची पिशवी माझी मीच खुंटीला लावते.